खरं चर्च हवं

४ जानेवारी

चर्च बघून बघून डोळे चुरचुरायला लागले! इटलीतली, माल्टातली, पोर्तुगालमधली — सगळी फोनवर. स्वराज लिंकवर लिंक पाठवतोय. प्लॅनर बाई म्हणते, ‘मॅम, दोघंही ख्रिश्चन नाही ना, मग हॉटेलचं चॅपल बेस्ट. कागद नको, काही नको. फादरपण भाड्याने मिळतो.’ भाड्याचा फादर! आईला सांगितलं तर ती हसतच सुटली. ‘भाड्याचे वाजंत्री ऐकले होते माय!’

मला माल्टातलं एक आवडलंय. समुद्राला लागून, पांढरंशुभ्र, आत नुसती बाकडी. आपल्यातही नवरा-नवरी पांढऱ्यातच असतात, तेव्हा माझी साडी तिथे शोभेल. परदेशातल्या लग्नाचं खूळ स्वराजचं, पण माझीही ना नाही. कॉलेजपासून लपूनछपून फिरलो. आता सगळ्या जगासमोर मिरवायचंय मला, आणि ते मी मिरवणार.

९ जानेवारी

बाबांचा एकच प्रश्न — ‘वंदना कुठं घ्यायची?’

बेलापूरच्या कचेरीतून रिटायर झाल्यापासून त्यांचा रविवार विहारातच जातो. म्हणाले, ‘चर्चात लागू दे लग्न, मला वावडं नाही. पण त्रिशरण-पंचशील झाल्याशिवाय लेक परण्या घरी गेली असं मला वाटायचं नाही.’ परण्या नव्हे, परक्या! बाबांची कवळी सैल झालीय, शब्द घसरतात. मी चिडवलं, तर स्वतःच हसले.

तसं कायद्याने मी गेलेच आहे. तिकडच्या नुसत्या समारंभाला कागदोपत्री किंमत नाही, म्हणून रजिस्टर डिसेंबरातच उरकलंय. तर ठरलं — आधी इथे उलव्यात विहारात वंदना, मग माल्टा. स्वराज लगेच हो म्हणाला. जरा जास्तच लगेच.

१५ जानेवारी

हॉटेलचं चॅपल नापास! शर्मिलाकाकूंना, म्हणजे स्वराजच्या आईला, पसंत नाही. मुद्दाम खारघरला घरी बोलावून सांगितलं. ‘खोटं वाटतं गं ते. भिंतीवर साधा क्रूससुद्धा नाही.’

मी म्हटलं, काकू, आपल्याला क्रूस कशाला?

‘फोटोत चर्च वाटायला नको? खरं चर्च हवं. खरा फादर, पायघोळ झगेवाला.’

घरात हे एवढं देवघर, दर गुरुवारी उपास, आणि हट्ट क्रूसाचा! मी हसून सोडून दिलं. पण मेट्रोत बेलापूर येईपर्यंत तेच डोक्यात.

१६ जानेवारी

सकाळीच काकूंचा फोन. ‘साळवे आडनाव ख्रिश्चनांतपण असतं ना गं? नगरकडे?’ असतं म्हटलं.

‘बरं झालं.’

काय बरं झालं?

२४ जानेवारी

कार्डाचा नमुना आला. स्वराजचं नाव, त्याच्या आईवडिलांचं, सगळ्यांच्या वर आजोबांचं — आप्पा. गावी असतात, पण खारघरच्या घरातही आप्पांच्या शब्दाबाहेर पान हलत नाही. मी त्यांना अजून पाहिलेलं नाही. आणि माझं नाव? नुसतं ‘क्रिस’. स्वराज लाडाने म्हणतो ते. साळवे नाही, क्रांती नाही, बाबांचं-आईचं नाव नाही.

‘अरे यार, डिझाइनच तसं आहे. टेन्शन नको घेऊस.’

आणि वंदना? ‘लग्नानंतर करू ना, निवांत.’

बाबांनी विहारात तारीख धरून ठेवलीय. भन्तेजींना सांगून आले, पेढेही देऊन आले. त्यांना काय सांगू? आज नाही सांगितलं. जेवण गेलं नाही. आईला वाटतं, मी गाऊनसाठी बारीक होतेय.

३१ जानेवारी

कळलं.

सीवूड्सच्या मॉलमध्ये गाऊन बघायला गेलो होतो, मी आणि रुतिका. रुतिका स्वराजची चुलत बहीण. पोर गोड आहे, पोटात काही राहत नाही. गाऊनची चेन लावता लावता विचारते, ‘वहिनी, तुमच्याकडे ख्रिसमसचा केक घरीच करतात?’

आमच्याकडे?

‘हो ना! आप्पा आधी ऐकतच नव्हते. दादाने सांगितलं ना, मुलगी ख्रिश्चन आहे, तेव्हा कुठे शांत झाले. म्हणाले, ख्रिश्चन तर ख्रिश्चन. *त्या* लोकांतली नाही ना? मग चालंल.’

चेन अर्ध्यावर. आरशात मी. मला वाटलं मी ओरडेन. ओरडले नाही. ‘घट्ट होतोय’ एवढंच म्हटलं.

ते लोक म्हणजे मी. आई. बाबा. पेढे घेऊन विहारात गेलेले माझे बाबा.

आणि काकूंनी नाही सांगितलं हे. दादाने सांगितलं.

१ फेब्रुवारी

स्वराज रडला. आधी खूप भांडला, मग रडला.

‘तुला माहीत नाही आमच्या गावात काय झालंय.’ त्याच्या मोठ्या काकांच्या मुलीने आपल्या बौद्धांतल्या मुलाशी लग्न ठरवलं होतं. ती विहिरीत पडली. घरात असंच म्हणतात — पडली. त्या मुलाचं पुढे काय झालं, कोणी विचारत नाही. तिचा एक फोटो घरात नाही. मैत्रीण म्हणून मी इतकी वर्षं खारघरला जातेय, मला तिचं नावही माहीत नव्हतं.

‘परदेशात लग्न, म्हणजे गाव येणार नाही. चर्चमधले फोटो, म्हणजे आप्पांना पुरावा. मग आपण सेफ, क्रिस. तुझा जीव वाचवतोय मी!’

माझा जीव! मग मला विचारायचं तरी! मला इतका राग आलाय की पेनाने कागद फाटलाय. पण तो घाबरलाय ते नाटक नव्हतं. तेच जास्त वाईट. तो घाबरलाय, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे.

३ फेब्रुवारी

घरी सगळं सांगितलं. आई उठून उभीच राहिली. ‘मोड हे लग्न. आजच्या आज मोड.’ मी म्हटलं, आई, सही झालीय. बायको आहे मी त्याची. आप्पांना ते कळलं तर मोडूनही सुटका नाही.

बाबांनी एकच विचारलं. ‘त्या पोरीला किती दिवस झाले म्हणालीस?’

चार वर्षं.

मग टीव्ही लावला आणि आवाज वाढवला.

८ फेब्रुवारी

अनोळखी नंबर. आप्पा!

किती गोड आवाज. ‘पोरी, तुजं घर बगायचं हाय. कुनाची लेक आमच्यात येती, बगाय नको? येत्या रविवारी येतो. तुज्या आईच्या हातचं जेवन.’ हसले, खोकले. ‘मान्सं जेवाय बसली की कळत्यात.’

स्वराजला सांगितलं तर म्हणाला, ‘भिंतीवरचे फोटो तेवढे…’

भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. मी फोन ठेवला.

१४ फेब्रुवारी

ठरलं. उद्या आप्पा दारात आले की हात जोडून जय भीम म्हणणार. आधी ते, मग पाणी. जे व्हायचं ते होऊ दे. मी आयुष्यभर क्रिस साळवे, नगरकडची, होऊन जगणार नाही. स्वराजला यायचं तर माझ्याबरोबर यावं, नाहीतर कोर्ट आहेच.

भीती वाटतेय. खोटं कशाला बोलू! पण हलकंही वाटतंय.

आई म्हणाली, ‘मी तुझ्या मागं उभी राहते.’ बाबांना सांगितलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. ‘झोप लेकरा.’

१५ फेब्रुवारी

बाबांनी मला दही आणायला खाली पाठवलं. वर आले तर आप्पा येऊन ताटावर बसलेले. हॉलच्या भिंतीवर एकही फोटो नाही.

मी हात जोडले. तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी डोळे मिटले. कपाळाला बोटं लावली, मग छातीला, डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला. ‘आमच्यात जेवणाआधी करतात,’ म्हणाले. आप्पांनी मान डोलावली आणि पोटभर जेवले.

आत्ता भांडी घासताना आई म्हणाली, बाबा आठवडाभर बाथरूमच्या आरशासमोर करून बघत होते.