वीस रुपये भरून घेऊन भाईदास निकुंभ यांच्या मोपेडला फाटकाबाहेर जाऊ देण्याबाबत

प्रति,
मा. वाहनतळ अधिकारी साहेब,
विभागीय कार्यालय, सुरत.

अर्जदार : श्रीमती मालतीबाई भाईदास निकुंभ, वय ४९, काम घरी बसून साड्यांना खडे चिकटवणे, राहणार पांडेसरा, सुरत. मूळ गाव तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे.

विषय : कापड मार्केटजवळील पुलाखालच्या पैसे भरून गाडी लावण्याच्या जागेत दि. १ एप्रिल २०२४ पासून अडकलेल्या मोपेडबाबत.

संदर्भ : १) मोपेडच्या सीटवर दि. २० मार्च २०२५ रोजी चिकटवलेली नोटीस.
२) दि. १ एप्रिल २०२४ पासूनचे दरपत्रक.
३) आपल्या ठेकेदाराचा माणूस निंबा याने दि. १० एप्रिल २०२४ रोजी तापीकाठी दिलेला तोंडी शब्द.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार पांडेसऱ्याच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली असून तिला गुजराती बोलता येते, लिहिता येत नाही. म्हणून अर्ज मराठीत आहे. मुलगी हर्षदा हिने गुजराती करून देण्याचे कबूल केले होते, परंतु अर्ज अर्धा वाचून तिने कागद खाली ठेवला. साहेबांनी कृपा करून कोणाकडून तरी वाचून घ्यावा, आणि शेवटपर्यंत वाचून घ्यावा.

१. नोटिशीत म्हटले आहे की, ३१ मार्चपर्यंत गाडी नेली नाही तर ती उचलून यार्डात टाकली जाईल व भंगारात विकली जाईल. शिवाय १ एप्रिलपासून दर पुन्हा वाढणार आहेत. दरवाढीबद्दल अर्जदाराला काही म्हणायचे नाही असे नाही. खोलीचे भाडे वाढले, सिलिंडर वाढला, खडे चिकटवण्याची मजुरी मात्र तीन वर्षांत साडीमागे पंचवीस पैशांनी वाढली. पण हे रडगाणे सगळ्या गल्लीचे आहे. त्यासाठी साहेबांचा वेळ घेणे बरे नव्हे. अर्जदाराचे गाऱ्हाणे वेगळे आहे.

२. अर्जदाराचे पती भाईदास हे मार्केटात पार्सल बांधण्याचे काम करीत. सकाळी नऊला गाडी पुलाखाली लावायची, संध्याकाळी साडेसातला काढायची, सव्वाआठला घरी. असे अकरा वर्षे चालले. दिवसाचे दहा रुपये लागत. गेल्या वर्षी १ एप्रिलला नवा ठेकेदार आला आणि दर झाला पहिल्या चार तासांना दहा, पुढच्या प्रत्येक चार तासांना आणखी दहा. म्हणजे पूर्ण दिवसाचे तीस. त्या दिवशी त्यांच्या खिशात दहाच रुपये होते. पगार सात तारखेला. त्यांच्या फोनवरून पैसे पाठवता येत नसत. मार्केटात कोणाकडे मागितले असते तर मिळाले असते, पण हा माणूस कोणापुढे हात पसरणारा नव्हता.

३. फाटकावर निंबा होता. तो आमच्याच शेजारच्या गावचा, पतीला 'नाना' म्हणणारा. त्याने नंतर अर्जदाराला जे सांगितले ते असे : "वयनी, नवा शेठ, नवं मशीन, डोक्यावर कॅमेरा. मशीनवर तीस दिसलं की तीसच टाकावे लागतात. मी नानांना म्हटलं, उद्या द्या, गाडी राहू द्या रात्रभर. नाना हसले. म्हणे, राहू दे, पाय अजून फुकट आहेत." मग ते पायी निघाले. एप्रिलचे ऊन दिवसभर डांबरात मुरलेले होते. उधन्याच्या पुढे ते दुभाजकावर बसले. लोकांनी पाणी पाजले, रिक्षात घातले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत काही उरले नव्हते. निंबावर अर्जदाराचा राग नाही, हे साहेबांनी लिहून घ्यावे. त्याची नोकरी जाईल असे काही करू नये.

४. दहाव्या दिवशी तापीकाठी पिंड ठेवला. समोरच्या तारेवर कावळा बसला होता, पण खाली येईना. थोरले दीर सखाराम यांनी हात जोडून सांगितले की हर्षदाचे लग्न आम्ही करू. कावळा बसून राहिला. गावच्या घराच्या वाटणीचे सांगितले, अर्जदाराला सांभाळण्याचे सांगितले. तास गेला, दीड तास गेला. भटजींनी दर्भाचा कावळा करू असे सुचवले. तेव्हा मागे उभा असलेला निंबा रडत पुढे आला आणि म्हणाला, "नाना, तुमनी गाडी आठेच राही. तुम्ही येतस तवलोंग कोनले हात लावू देवाव नही." म्हणजे गाडी तिथेच राहील, तुम्ही येईपर्यंत कोणाला हात लावू देणार नाही. शब्द संपायच्या आत कावळा खाली उतरला.

सखारामभाऊ नंतर निंबावर चिडले : "अरे, असं 'येईपर्यंत' म्हणतात का कधी? काही मुदत घालायची का नाही?" पण दिलेला शब्द तोवर घेतला गेला होता. अर्जदार व्रते करणारी बाई आहे. देवाला किंवा गेलेल्या माणसाला सांगितलेली गोष्ट मागे घेता येत नाही, एवढे तिला कळते. शब्द देणारा माणूस ठेकेदाराच्या पगारावर असून दहा-बारा साक्षीदारांसमोर बोलला आहे. तरी तो शब्द आपल्या कार्यालयाचाच धरण्यात यावा, अशी नम्र विनंती आहे.

५. त्या दिवसापासून अर्जदाराने महिन्याचा पास काढून गाडी जागेवर ठेवली आहे. रोज संध्याकाळी ती स्वतः येऊन गाडी पुसते, हँडलला एक फूल अडकवते. उदबत्ती लावत नाही, कारण तशी पाटी आहे. येथे अर्जदारास जे लिहावे लागत आहे त्याबद्दल क्षमा असावी. रोज साडेसातला, कोणी नसताना, फाटकाच्या मशीनमधून चिठ्ठी निघते. तिच्यावर याच गाडीचा क्रमांक असतो. गाडी वर्षभर उभी आहे, तेव्हा रक्कम हजारात यायला हवी. पण चिठ्ठीवर रोज तीस रुपयेच असतात. फाटकाचा दांडा मात्र उचलला जात नाही. तो जागेवर थरथरतो आणि थांबतो. मशीन दोनदा बदलले. दुसऱ्या मशीननेही दुसऱ्याच संध्याकाळी तीस रुपयांची चिठ्ठी दिली.

आजूबाजूला आता कोणी गाडी लावत नाही. एक रिक्षावाला लावून गेला, परत येऊन बघतो तर त्याची रिक्षा दोन हात बाजूला सरकवलेली, जशी कोणी आपली गाडी काढायला वाट करून घेतो तशी. तेव्हापासून दोन्हीकडच्या जागा रिकाम्या असतात. ठेकेदाराचे सुपरवायझर म्हणतात, "बेन, एक गाडीए त्रण जग्या रोकी छे," आणि जानेवारीपासून तिन्ही जागांचे पैसे मागतात. अर्जदाराने दोन महिने ते दिले, मार्चचे देता आले नाहीत. त्यासाठी दूध बंद केले, आणि एकादशी-सोमवारचे उपास होते त्यात आणखी दोन वार वाढवले. उपासाचे पुण्य लागत असेल तर ते पतीच्या खात्यावर जावो, पण यापुढे उपास वाढवायला वार उरलेले नाहीत.

६. हर्षदा म्हणते, "आई, पप्पा पार्किंगमध्ये नाहीत. पप्पा भिंतीवर फोटोत आहेत. ती गाडी देऊन टाक." ती बिचारी खरे तेच बोलते. अर्जदारानेही तसे मनाशी ठरवत आणले होते. परंतु दि. २१ मार्च रोजी, फाल्गुन वद्य सप्तमीला, वर्षश्राद्ध झाले. गच्चीवर पान ठेवले. पतीला आवडणारे डुबुकवडे होते, कळण्याची भाकरी होती. आदल्या दिवशीच आपली नोटीस गाडीवर लागली होती. दिवस मावळेपर्यंत त्या पानाला एकाही पाखराने तोंड लावले नाही. मुंगीसुद्धा चढली नाही. भाकरी सकाळी होती तशीच गोल. अर्जदार पानाजवळ बसून राहिली आणि तिला जे इतके दिवस ठाऊक होते तेच पुन्हा कळले.

७. ते आता लिहिते. ही गोष्ट अर्जदाराने दिरांना सांगितलेली नाही, मुलीला सांगितलेली नाही. १ एप्रिलला सोमवार होता. अर्जदाराचे सोळा सोमवार चालू होते, पंधरावा होता. उद्यापनासाठी ती पैसे एका पत्र्याच्या डब्यात, देवाजवळ साठवीत असे. पती चप्पल घालून दारात थांबले आणि म्हणाले, "वीस रुप्या शेतस का?" ते असे कधी मागत नसत. नव्या दराची पाटी त्यांनी आधीच वाचली असावी. अर्जदाराने कशाला हवेत एवढेही विचारले नाही. पूजेत होती. हळूच म्हणाली, "डब्यातले आहेत, ते देवाचे. त्याला हात लावत नाही." ते म्हणाले, "बरं." त्यांनी दार हळू ओढून घेतले, पूजेत आवाज नको म्हणून.

साहेब, लोक म्हणतात मालतीबाईचा आवाज किती मऊ आहे. त्याच मऊ आवाजात ती नाही म्हणाली.

८. गेले वर्षभर अर्जदार रोज साडेसातला आपल्या मजुरीतले वीस रुपये गाडीच्या सीटवर ठेवत आली. ते तसेच राहतात. निंबा एकदा म्हणाला, "वयनी, नाना तुमच्याकडे बघतच नाहीत. फाटकाच्या केबिनकडे तोंड करून उभे असतात." दुसऱ्या दिवसापासून त्याने सकाळची पाळी मागून घेतली. पतीचा स्वभाव असा होता की एकदा नाही ऐकले की त्या माणसाकडे दुसऱ्यांदा मागायचे नाही. तेव्हा अर्जदाराच्या हातून ते आता काही घेणार नाहीत.

म्हणून काल, रविवारी, अर्जदाराने देवाची क्षमा मागून तो डबा उघडला आहे. सोळावा सोमवार झालाच नव्हता, उद्यापन राहूनच गेले होते. डब्यातले वीस रुपये या अर्जासोबत जोडले आहेत.

तरी विनंती की,

अ) दि. १ एप्रिल २०२४ ची राहिलेली रक्कम रुपये वीस आपल्या कार्यालयाने भरून घ्यावी. माफ करू नये. माफी त्यांना चालणार नाही. दहा रुपये त्यांच्या स्वतःकडे होते.

ब) पावती भाईदास निकुंभ यांच्या नावे करावी, अर्जदाराच्या नावे नको.

क) दि. ३१ मार्च रोजी संध्याकाळी साडेसातला साहेबांनी स्वतः, किंवा आपला शिक्का बाळगणाऱ्या कोणा माणसाने, फाटकावर उभे राहून ती पावती मोठ्याने वाचावी व दांडा उचलावा. मशीनवर सोडू नये. अर्जदाराचा आवाज तेवढा मोठा निघत नाही.

ड) त्यानंतर मोपेड जागेवर दिसली, तर कार्यालयाने ती खुशाल न्यावी. निंबाचा शब्द तेव्हा पुरा झालेला असेल. आणि दिसली नाही, तर चोरीची तक्रार कोणाच्याही नावे नोंदवू नये.

अर्जदार त्या वेळी फाटकावर येणार नाही, याचा राग मानू नये. तिला घरी थांबावे लागेल. पुलाखालून पांडेसऱ्याला यायला गाडीवर पाऊण तास लागतो. सव्वाआठला दार वाजले तर ते उघडायला कोणीतरी हवे. हर्षदाला त्या रात्री मावशीकडे पाठवणार आहे. ते काय विचारतील आणि अर्जदार काय सांगेल, हा प्रश्न आपल्या कार्यालयाच्या अखत्यारीतला नाही. आपण फक्त फाटक उघडून द्यावे.

कळावे, ही दोन्ही हात जोडून विनंती.

आपली आज्ञाधारक अर्जदार,
मालतीबाई भाईदास निकुंभ
(सही)

ठिकाण : पांडेसरा, सुरत
दिनांक : २४ मार्च २०२५, सोमवार

सोबत :
१. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स.
२. नोटीस (सीटवरून सोडवताना कोपरा फाटला आहे).
३. मशीनमधून निघालेल्या चिठ्ठ्यांपैकी हाती आलेल्या, एकूण तीनशे बारा. पावसाळ्यातल्या काही पुसट झाल्या आहेत.
४. रोख रुपये वीस, दहाच्या दोन नोटा. कुंकू लागलेले आहे, तरी चालवून घ्याव्यात.