उंचीवरचा दर

सोमवार, ४ तारीख

तर काय चुकलं माझं? बसलोय ना खुर्चीवर! घोटा मुरगळला म्हणून मुकादमानं चार दिवस ऑफिसात टाकलं, तर आमच्या हेडमास्तरणीला फोनवर कोण आनंद! "आता तिथंच राहा." लग्न झाल्यापासून बायकोचं एकच पालुपद — उंचीवर चढू नका. परांची बांधणारा माणूस उंचीवर नाही चढणार तर काय तळघरात बसणार?

"पैसे कमी पाठवा, पण अख्खे या." अख्खाच आहे की! वर चढतो म्हणून घरी चौदा हजार जातात. खुर्चीवर बसलो तर नऊच जातील. मग घरावर स्लॅब कोण टाकणार, सासरा?

मंगळवार, ५

हिशेबाच्या बाईंनी कॉम्प्युटरसमोर बसवलं. नवीन सॉफ्टवेअर आलंय. प्रत्येक कामाला एक नंबर — शाळेची इमारत १०१, पाण्याची टाकी १०२, पूल १०३. कोण कुठं किती तास राबला, ते त्या नंबरात टाकायचं. माझी शाळा सातवीत सुटली, पण एवढं जमतंय. एका बोटानं टाइप करतो. बाई म्हणतात, "कोंबडी दाणे टिपतेय जणू." टिपू दे!

सगळ्यांच्या चहाचं बिल कुठं टाकायचं कळेना. टाकलं टाकीत. बाईंनी कपाळाला हात लावला.

गुरुवार, ७

आज विम्याचे दर भरले. प्रत्येकाच्या नावापुढं कामाचा प्रकार लावायचा, की दर आपोआप येतो. ऑफिसचा अर्धा. जमिनीवरच्या कामाचा चार. उंचीवरच्या कामाचा अकरा! म्हटलं, चला, दोस्तांचं भलं करू. सगळ्यांना उंचीवर चढवलं — स्वयंपाकी मामांनासुद्धा.

बाई बघतच राहिल्या. "मामा काय शेगडीवर चढून स्वयंपाक करतात?"

"मिळू देत की त्यांनाही चार पैसे."

"अरे बाबा, हे कुणाच्या हातात पडत नाहीत! पगाराच्या शंभरामागं एवढे मालक विमा कंपनीला भरतो. जिथं धोका जास्त, तिथं दर जास्त."

मग दुपारभर एकेकाला खाली उतरवत बसलो. मामांना सांगितलं तर फुगले. "उतरवायचं होतं तर चढवलंस कशाला?"

मजा येते पण. असं वाटलं नव्हतं.

शुक्रवार, ८

घोटा बरा झाला. मुकादमानं खिडकीतून तोंड घातलं. "काय साहेब, सोमवारी वर येताय ना? का बूड जड झालं?" खिडकीतून क्रेन दिसते. पाय शिवशिवतात नुसते.

शनिवार, ९

फोनवर तोऱ्यात सांगितलं, "अख्ख्या साइटवर आम्हा परांचीवाल्यांचा दर सगळ्यात जास्त!"

"कशाचा दर?"

"विम्याचा. अकरा!"

मग समजावूनही सांगितलं, बाईंनी मला सांगितलं तसंच. तर हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही पडाल असं त्यांनीही धरून ठेवलंय."

वाटलं होतं, नेहमीसारखी भांडेल. भांडलीच नाही.

रविवार, १०

कपडे धुतले. उंचीवर बांधायचा कमरेचा पट्टा आणि दोरी काढून तपासली. ठणठणीत आहे. परत ठेवली.

सोमवार, ११

बाई म्हणाल्या, "सगळ्यांचं झालं, तुझंच राहिलंय. काय लावू, उंची की ऑफिस?" मुकादम दारातच उभा होता, हेल्मेट घालून.

म्हटलं, थांबा बाई, माझं मी लावतो.

शनिवार, ३०

पगार झाला. तिला फोन करून सांगणार नाही — डोक्यावरच बसेल! पैसे पोचले की आपोआप कळेल. पाठवतोय, नऊ हजार.