ताईच्या प्रार्थनेस हरकत नसल्याबाबत

मी, खाली सही करणारी, निवृत्त प्राध्यापिका, अविवाहित, दोन खोल्या आणि एका गॅलरीची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि तो देण्यापूर्वी ते माझ्याशी वाद घालून हरले आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. असते तर मी नेमके उलटे लिहिले असते.

कलम १. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात अशी अट होती, की ताईने माझ्यासाठी कधीही प्रार्थना केली तर मी गेल्यावर हे घर तिला न मिळता विद्यापीठाला जाईल. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. यजमान वारल्यापासून ती माझ्याकडे राहते. तिचा देवावर विश्वास आहे, माझा नाही. ती अट वाचून वकील म्हणाले होते, "बाई, मनातल्या मनात केली तर पुरावा कुठून आणायचा?" तो त्यांचा प्रश्न होता.

कलम २. घर, भांडीकुंडी आणि बँकेत जे काही असेल ते ताईला, विनाअट. कपाटाचा खालचा खण हिसका दिल्याशिवाय उघडत नाही, हे तिला ठाऊक आहे.

कलम ३. माझी कामाची खुर्ची साहित्य विभागाच्या माजी प्रमुखांना द्यावी. उत्तर-आधुनिक साहित्य आणि धर्म यांचा संबंध हा माझा अभ्यासाचा विषय. प्रमुख म्हणाले, "या कादंबऱ्यांत देवच नाही, मग संबंध कसला डोंबलाचा?" धर्मशास्त्र विभागाचे म्हणणे पडले, की देव आहे, पण त्या कादंबऱ्यांना साहित्य म्हणवत नाही. अखेर दोन्ही विभागांच्या मधल्या जिन्याखाली मला टेबल मिळाले. तिथल्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. मी निवृत्त होईपर्यंत तिच्यावर डुगडुगत बसले आणि निघताना ती घरी घेऊन आले. आता प्रमुखांनी बसावे, म्हणजे आमची फिट्टंफाट होईल.

कलम ४. माझ्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती ताईच्या प्रार्थनामंडळाला द्याव्यात. येथे खुलासा आवश्यक आहे. पुस्तकात मी असे मांडले, की कशावरच विश्वास न ठेवणाऱ्या या कादंबऱ्यांनी देवाला बाहेर काढले खरे, पण त्याची जागा रिकामीच राहिली आणि लेखक तिच्याभोवती घुटमळत राहिले. छापखान्याने पाचव्या प्रकरणात एक पान चुकून कोरे सोडले. मी भांडायला गेले, तर छापखानेवाला म्हणाला, "मॅडम, मला वाटलं तुमच्यात असंच असतं." साहित्य विभागाने त्या पानाला धाडसी प्रयोग म्हटले. माझ्या लेखनाचे त्यांनी केलेले हे एकमेव कौतुक.

पुढे ताईने पुस्तक मंडळात नेले. तिथे ते दर आठवड्याला मोठ्याने वाचतात, तळटीपांसकट, आणि कोरे पान आले की सगळे डोळे मिटून गप्प बसतात. ही छापखान्याची चूक आहे, एवढेच सांगायला मी गेले. तिथले निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "असू द्या हो. आलाच आहात तर बसा जरा." मी बसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगायला गेले. अजून सांगायचे राहिले आहे.

कलम ५. दुसऱ्या खंडाचे अपुरे हस्तलिखित माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला. तिने त्याचा हवा तो अर्थ लावावा. लेखक गेला की अर्थावर त्याची मालकी उरत नाही, असे मी नोकरीभर शिकवले. ते आता अंगाशी आले आहे, कारण मेल्यावरही माझेच खरे व्हावे एवढ्यासाठी तर मी हे लिहायला बसले आहे. वकिलांना हा पेच सांगितला. ते म्हणाले, "हे तेवढं कलमात घालू नका." घातले आहे.

कलम ६. प्रार्थना. माझ्या तपासणीचा अहवाल आला तेव्हा तो ताईने आधी वाचला. मग चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारले, "छोटे, मी तुझ्यासाठी प्रार्थना केली तर हे घर जाईल ना गं?"

"जाईल."

"मग जाऊ दे. मी बघेन कुठंतरी."

या वयात ती कुठे बघणार होती, हे मी विचारले नाही. ती खरोखरच गेली असती. माझ्यासाठी कोणी एवढे करील असे मला वाटले नव्हते, आणि मला रडू आले. चहात साखर नव्हती, तरी मी प्याले.

सबब, ताईला पूर्ण मुभा आहे. देव असल्याचे मला अद्याप पटलेले नाही आणि या कलमाचा तसा अर्थ कोणी काढू नये. शेजारच्या पलंगावर बसून ती रोज माझ्यासाठी प्रार्थना करते, पण आवाज न करता, मी चिडेन म्हणून. मला कळते. त्यात माझे नाव कुठे येते, तेवढे कळत नाही. ते मला ऐकायचे आहे. तिने मोठ्याने म्हणावे. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते, असे वकील सांगतात. हे कलम आजपासून अमलात आणावे.

ताई लाभार्थी असल्याने तिची साक्ष चालत नाही, म्हणून तिला बाहेरच्या खोलीत बसवले आहे. सह्या झाल्यावर कलम ६ तिला वाचून दाखवावे. मला ते तोंडाने सांगता येणार नाही.

लिहून देणार: (सही) निवृत्त प्राध्यापिका

साक्षीदार:
(सही) डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत.
(सही) पोस्टमास्तर, निवृत्त

ठिकाण: राहते घर, आतली खोली
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तोच