भट्टी पेटती आहे

प्रिय धाकट्या,

आधी जीव भांड्यात पडेल अशी बातमी: भट्टी विझवावी लागली नाही! आता चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

आपल्या काचकारखान्याचं गणित तुला पाठ आहे. वाळू, सोडा, गॅस यांचे पैसे आधी मोजायचे, बरण्या नंतर विकायच्या, आणि त्या घेणाऱ्या जॅमवाल्या बाईंचे पैसे त्याहून उशिरा यायचे. मधले दिवस बँकेच्या कर्जावर काढायचे. बरं, भट्टी थंड केली तर आतली काच गोठून विटा तडकतात, म्हणजे काही दिवस काम थांबवून कर्ज टाळू म्हणायचीही सोय नाही. तुम्ही मध्यवर्ती बँकवाल्यांनी साऱ्या देशाचे व्याजदर वाढवलेत. लोक हात आखडतील, महागाई उतरेल म्हणून. खोटं नाही म्हणत मी. पण आमच्याकडे वाढलेलं व्याज थेट बरणीच्या किमतीत जाऊन बसलं. मग बाईंनी जॅम महाग केला, आणि तोच जॅम चढ्या भावाने घेताना मला दुकानदाराशी भांडायचीही चोरी झाली.

मी आणखी भाव वाढवल्यावर बाई तणतणत कारखान्यात आल्या. प्लास्टिकच्या बरण्या घेते म्हणाल्या. त्या गेल्या की भट्टी बंद, हे मला कळत होतं. मी त्यांना भट्टीपुढे उभं केलं आणि एका बरणीत किती व्याज आहे ते सरळ सांगून टाकलं. घाम पुसत त्या म्हणाल्या, अहो, मग बँकेला कशाला देता? हंगाम संपला की माझे पैसे पडूनच असतात, आगाऊ घ्या आणि व्याज भावातून काढा. बरणी जुन्या भावावर आली! इतके दिवस भट्टीच्या काळजीने तोंडाला कुलूप लावून बसलेले आपले भट्टीचे मिस्त्री काल पुन्हा सगळ्यांवर खेकसायला लागले, तेव्हा कुठे माझी खात्री पटली. मग दार लावून मनसोक्त रडले.

हे फोनवरही सांगितलं असतं, पण तू उचलत नाहीस. का, ते काल तुझ्या बायकोने सांगितलं. ताईची भट्टी आपल्यामुळे विझणार म्हणून तू राजीनामा खिशात घेऊन फिरतोस म्हणे. वेडा आहेस का रे? दर काय तू एकट्याने वाढवलेस? आणि तू उठलास तर त्या खुर्चीत भट्टीची धग कधी न लागलेला कुणीतरी बसेल. तो राजीनामा फाड. पुढच्या बैठकीत सांग, की दर वाढला की आमच्यासारख्यांचा माल आधी महागतो. ऐकतील, न ऐकतील. पण सांगणारा तिथे हवा.

तुझीच,
भट्टीवरची ताई