सात पाण्यांत धुतलेली तार

बंगळूर, ता. ४ सप्टेंबर १९३६

तीर्थरूप अप्पांस,
बालक बिंदुमाधवाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आपले पत्र काल पोचले. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने बसून मी जोडलेला रेडिओ एका उंदराने तार कुरतडून मुका केला, हे वाचून प्रथम हसू आले. मग आपल्या पत्राचा शेवट वाचला. नवरात्राच्या अष्टमीला देवीच्या देवळात सगळ्या रंगारी समाजासमोर हा रेडिओ बोलेल, असा शब्द आपण पंचांना देऊन बसला आहात. नरसिंगकाका भर बैठकीत म्हणाले की रंगाऱ्याच्या पोराने हौद सोडून तारा बांधायला घेतल्या, आणि त्यावर आपण हा शब्द दिलात. आपण असे बोललात याचे मला नवल वाटले, आणि बरेही वाटले.

परीक्षा अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी संपते. मला येता येत नाही. काम वनजाच्या हातून व्हायला हवे. सुताने मढवलेली तांब्याची तार सोबत पाठवली आहे. जुन्या पुठ्ठ्याच्या नळीवर आधी साठ वेढे घ्यायचे, बोटभर जागा सोडायची, मग त्याच दिशेने वीस वेढे. या दोन तारांची गल्लत झाली किंवा टोके उलटी लागली तर आवाज येणार नाही. म्हणून दोन्हींना ओळखू येईल अशी खूण करावी. पाण्यापासून जपावे. वनजाने वेढे मोजताना बोलू नये. एवढे जमले तर बाकीचे सोपे आहे.

आईच्या गुडघ्याचे कळवावे. आपला हात पाठीवर आहेच.

आपला,
बिंदुमाधव


म्हैसूर, ता. ९ सप्टेंबर

चिरंजीव बिंदुमाधव यास,
अनेक आशीर्वाद.

तार मिळाली. खूण केली. कागदाची चिठ्ठी लावली असती तर ती गळून पडली असती, म्हणून रंगच दिला. साठ वेढ्यांची तार तुरटी आणि मंजिष्ठ घालून लाल केली. वीस वेढ्यांची गूळपाण्यात आंबवलेल्या लोखंडाच्या काटाने काळी केली. पुडीतला विलायती रंग नाही. हौदात चार वर्षांनी मंजिष्ठ पडली.

तू पाण्यापासून जपा असे लिहिलेस. म्हणून नदीवर नेली नाही. रंगातून काढली ती तशीच सावलीत वाळवली. अशी लाल तार तुमच्या बंगळुरात कोणी पाहिली नसेल.

तुझ्या आईचा गुडघा आहे तसा आहे. वेळेवर जेवत जा.

रघुनाथराव


म्हैसूर, ता. १९ सप्टेंबर

ती. दादास,
वनजाचा कृ. सा. न. वि. वि.

वेटोळे तयार झाले. ते इतके देखणे दिसते की आईने त्याला हळदकुंकू लावायचे बाकी ठेवले आहे. पण रेडिओ बोलत नाही. भोंग्याला कान लावला की कुठेतरी दूर कोणी पीठ चाळत असावे तसा आवाज येतो, आणि मग तोही जातो.

इथल्या केंद्रावर संध्याकाळी गाणे लागते. अग्रहारातल्या वकिलांच्या घरी ते रस्त्यापर्यंत ऐकू येते. आपल्याकडे अप्पा रोज त्या वेळी हात धुऊन पेटीसमोर बसतात आणि तासाभराने उठतात. काल काका आले होते. पेटीला नमस्कार करून म्हणाले, मौनी बाबा उत्तम आहेत, प्रवचनाचा त्रास नाही.

काय करू ते लवकर लिही. आमची आठवण ठेवतोसच, ती या कामी लाव.

वनजा


बंगळूर, ता. २२ सप्टेंबर

चि. वनजास,
आशीर्वाद.

क्रमाने पाहा. बॅटरीला लहान दिवा लावून तो पेटतो का ते पाहा. दोन्ही व्हाल्वांची तार आत लाल होते का ते पाहा. छपरावरची तार कुठे ओल्या भिंतीला टेकली आहे का, जमिनीत पुरलेल्या तारेभोवती माती कोरडी पडली आहे का, हेही पाहा. मग काळ्या तारेची टोके उलटून लाव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झाले हे कधीच कळत नाही.

एवढ्याने भागले नाही तर वेढे पुन्हा मोज. मला तुझ्या मोजण्याचा संशय आहे. लहानपणी चौकाबारा खेळताना तू तीनचे पाच करायचीस.

अप्पांना सांग की दोष सापडतोच. धीर आणि माझ्यावरची माया, दोन्ही ठेवावीत.

बिंदुमाधव


म्हैसूर, ता. ३० सप्टेंबर

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

साठ आहेत. चिंचोके ठेवून तीनदा मोजले. चौकाबाऱ्यात कोण फसवायचे ते आईला विचार.

दिवा पेटतो. व्हाल्व लाल होतात. छपरावरची तार सुटी आहे. जमिनीच्या तारेपाशी रोज तांब्याभर पाणी घालते. टोके उलटून पाहिली आणि पुन्हा होती तशी लावली. एका वेळी एकच.

पण एक गोष्ट लिहिते. परवा दिवसभर पाऊस होता, म्हणून आईने पेटी उचलून चुलीपाशी ठेवली. संध्याकाळी जागेवर आणून तारा जोडल्या, आणि ती बोलली! सनईचा सूर स्वच्छ आला. अप्पा उभेच राहिले. पाव तासात आवाज बसत बसत गेला. काल पुन्हा चुलीपाशी ठेवली, पुन्हा पाव तास. काका म्हणाले की हा रेडिओ नसून नवा जावई आहे, ऊब दिली तरच तोंड उघडतो. मी त्यांना कानडीत ‘सुम्मने इरी’ म्हटले, म्हणजे थोरल्यांना गप्प बसा म्हटले. आई रागावली. अप्पा रागावले नाहीत.

तुझी,
वनजा


बंगळूर, ता. ६ ऑक्टोबर

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

चुलीपाशी ठेवल्यावर बोलतो म्हणजे ओल कुठेतरी जाते आहे. पण याच पुडक्यातल्या तारेचे माझे वेटोळे इथे पावसात चालते. दोघा शिक्षकांना विचारले. त्यांनाही सांगता येईना. मला पेटी समोर हवी, आणि ती मिळत नाही.

लिहायला जड जाते, पण लिहितो. अष्टमीचा शब्द आपण परत घ्यावा. पेटी नादुरुस्त आहे एवढे सांगितले तर त्यात कमीपणा नाही. काका चार दिवस बोलतील. माझ्यापायी देवळात सगळ्यांसमोर आपली मान खाली जाऊ नये.

राग धरू नये.

बिंदुमाधव


म्हैसूर, ता. १३ ऑक्टोबर

चि. बिंदुमाधव यास,
आशीर्वाद.

शब्द परत घेतला नाही.

तुझे पत्र वनजाने वाचून दाखवले. त्यात होते की तुझी तार याच पुडक्यातली. मग फरक एकच राहिला. तुझी पांढरी आहे.

बॅटरी काढून ठेवायला वनजाला सांगितले आणि लाल तारेला जीभ लावली. चाळीस वर्षे हौद असाच पाहत आलो. तार तुरट लागली. काळी लोखंडी आणि आंबूस लागली. तुरटी सुतातच बसली होती. न धुतलेल्या कापडाला पावसाळ्यात हात लावला तर ते ओले लागते, हे कोणत्याही रंगाऱ्याला ठाऊक आहे. मलाही होते. तुरटी हवेतले पाणी ओढते. ते पाणी तुझ्या विजेचे काय करते ते तू जाण.

वेटोळे सोडले. वनजाला घेऊन श्रीरंगपट्टणला कावेरीवर गेलो. तार कापडासारखी दगडावर आपटता येत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, मध्ये वाहते पाणी. प्रत्येक पाण्यानंतर जीभ लावली. पाचव्या पाण्यालाही तुरट होती. सातव्या पाण्याला तार तारेसारखी लागली. रंग उतरला नाही.

दोन दिवस उन्हात ठेवली. मग छपाईसाठी राखून ठेवलेले मेण पातळ करून दिले. जिथे मेण असते तिथे रंग शिरत नाही, म्हणजे ओलही शिरू नये. वेढे वनजाने घेतले. साठ आणि वीस.

परीक्षा नीट दे.

रघुनाथराव


म्हैसूर, अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

बोलला! काल दुपारपासून पाऊस होता आणि देवळाची फरशी ओली होती. चूल जवळपास नव्हती. पाव तास झाला. अर्धा तास झाला. कार्यक्रम संपून निवेदकाने निरोप घेतला तोवर एक सूरही बसला नाही. बायका आरतीचे ताट हातात धरून तशाच उभ्या होत्या.

अप्पा पुढे आलेच नाहीत. मागे खांबाला टेकून बसले होते. पंचांनी बोलावले, तर हात हलवून मला दाखवले.

शेवटी काका उठले. मला वाटले आता जावयाचे काढतात. त्यांनी पेटीचे झाकण उघडायला लावले आणि दिवा जवळ धरून लाल वेढ्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग सगळ्यांना म्हणाले, जवळ येऊन पाहा, ही आपल्या घरची लाली आहे. रांग लागली. दादा, गाण्याला जेवढे लोक थांबले होते त्याहून जास्त रंग पाहायला थांबले.

लवकर ये. आई अनारसे राखून ठेवते आहे, मी ठेवू देते आहे.

वनजा


बंगळूर, ता. २७ ऑक्टोबर

तीर्थरूप अप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

वनजाचे पत्र आले. मी ते वसतिगृहात मोठ्याने वाचले.

दोष कसा होता ते आता मला सांगता येते. काळी तार साठ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेली असते. ओल्या तुरटीवाटे त्या बॅटरीचे थेंबभर बळ लाल तारेत झिरपत होते आणि व्हाल्वचा गळा दाबत होते. हे सगळे मला पुस्तकातून येते. पण शोधले आपण.

एक गोष्ट मनातून जात नाही. आपण तार न धुता वाळवल्याचे नऊ सप्टेंबरच्या पत्रातच लिहिले होते. मी ते वाचले आणि रंगाचे कौतुक म्हणून सोडून दिले. न धुतलेला रंग आपण आयुष्यात कधी घराबाहेर पाठवला नाही. या वेळी हात आवरलात, कारण शिकलेल्या मुलाने पाण्यापासून जपा असे लिहिले होते. अप्पा, पुढे मी असे काही लिहिले तर आधी मला विचारावे, आणि तरीही पटले नाही तर ऐकू नये.

प्रयोगाच्या वहीत या रेडिओची नोंद केली. तपासणीची रीत या रकान्यात लिहिले, जिभेने, बॅटरी काढून. तपासणाराचे नाव या रकान्यात आपले नाव लिहिले. शिक्षकांनी तिथे खोडले नाही. खाली सही केली.

नवी पेटी जोडतो आहे. पांढऱ्या तारेची दोन पुडकी पाठवली आहेत. लाल करून मिळावीत.

आपला,
बिंदुमाधव


म्हैसूर, ता. ८ नोव्हेंबर

चि. बिंदुमाधव यास,
आशीर्वाद.

तार वनजाच्या हाताने बांधून पाठवली आहे. सात पाण्यांत धुतली. आठवे पाणी वरचे, तू मोजणीचा संशय घेशील म्हणून.

रघुनाथराव