खाटेशेजारची सतरंजी

चिकलठाणा, औरंगाबाद
१ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. आवडीस दादाचे अनेक आशीर्वाद.

माझा दमा यंदा नरमलाय. मोठ्या दवाखान्यात छातीच्या रोग्यांची वेगळी ओपीडी सुरू झाली, दर बुधवारी जातो. डॉक्टरीणबाई पंप कसा ओढायचा ते बसवून शिकवतात. दर थंडीत दोनदा-तीनदा भरती व्हायचो, यंदा एकदाही नाय. पोरगा-सून खूश आहेत.

मी नाय. तुलाच सांगतो, हसू नको. तुझी वहिनी दर खेपेला माझ्या खाटेशेजारी सतरंजी टाकून निजायची. ती गेली, तरी मागच्या थंडीत वॉर्डात डोळे मिटले की खाली तिच्या बांगड्या वाजायच्या. घरात कधीच वाजत नाहीत. सोमवारपासून पंप कपाटात ठेवलाय. श्वास लागला की भरती करतीलच.

पोरांना कळवू नको. दाजींना नमस्कार, तुला माया.

तुझा
बद्रीदादा

पाचोड
९ फेब्रुवारी

ती. दादास आवडीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. अक्कल गहाण ठेवली का रे? आधी पंप ओढ, मग पुढचं वाच.

वहिनीला ती गार फरशी कधी गोड लागली? गुडघे धरायचे तिचे. मी भेटायला आले तवा ती कर्णपुऱ्याच्या देवीला नवस बोलली होती, की एक थंडी ह्यांना या खाटेवर न आणता जाऊ दे, खणानारळानं ओटी भरीन. कुणाला सांगू नको म्हणाली, म्हणून गप होते. ती अजून तिथंच बसली असंल तर नवस फिटला नाय म्हणून. तू पुन्हा तिथं निजलास तर तिला उठताच यायचं नाय. शिवरात्रीला थंडी सरती. मग सूनबाईला संगं घेऊन छावणीत त्या देवीच्या देवळात जा, ओटी भर, वहिनीला मोकळी कर.

उत्तर धाड, नायतर मीच एसटीत बसते. बहिणीवरची माया आटू देऊ नको.

तुझी
आवडी

चिकलठाणा
२८ फेब्रुवारी

चि. आवडीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तवा छाती भात्यासारखी चालली होती. दवाखान्याची पिशवी भरून रिक्षाची वाट बघत दाराशी बसलो होतो. पत्र वाचलं, पंप ओढला, पोराला खरं सांगितलं. त्यानं ओपीडीत नेलं. डॉक्टरीणबाईंनी वाफ दिली, चांगलं झापलं अन् तिथूनच घरी पाठवलं.

काल सूनबाईच्या हातानं ओटी भरली. येताना वॉर्डात डोकावलो. माझी खाट रिकामीच होती. हल्ली दमेकरी कमी येतात, असं सिस्टर म्हणाली. खाटेशेजारी फरशीवर बसलो, डोळे मिटले. लई वेळ बसलो, पण काहीच वाजलं नाय. आवडे, गेली ती. पोरासारखा रडलो.

आज बुधवार, ओपीडीला जाऊन आलो. श्वास मोकळा आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई.

आठवण ठेव, पत्र टाकत जा.

तुझा
दादा