खिंडार बुजवू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त सागरी पर्यावरणशास्त्रज्ञ, बंदरावर ‘चिखलबाई’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला हाडांच्या डॉक्टरांनी दिला आहे. कंबरेबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नव्हते. देण्यासारखे काही आहे असे वाटले नव्हते.

१. मी लग्न केले नाही. का केले नाही, हे विचारणारे आता उरले नाहीत. कायद्याने माझा वारस एकच, माझा धाकटा भाऊ. तो गवंडी आहे. बांधकामावर त्याला सगळे ‘ओळंबा’ म्हणतात, कारण दुसऱ्याने बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावून पाहिल्याशिवाय तो तिच्या सावलीत बसत नाही. मी काही लिहिले नाही तर माझे सारे त्याला जाईल आणि त्याच्यानंतर त्याच्या दोन मुलांना. तसे होऊ नये म्हणून हे लिहावे लागत आहे. यात भावावर अविश्वास नाही. का नाही, ते कलम पाच आणि सहामध्ये येईल.

खरे म्हणजे हे मृत्युपत्र एका बांधाला पाडलेल्या दोन खिंडारांसाठी आहे. बाकीच्या वस्तू ओघाने आल्या.

२. शहरातले राहते घर, खाली दोन खोल्या आणि वर गच्ची, भावाच्या दोन्ही मुलांना समान वाट्याने द्यावे. त्यांना खाडीकाठी पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. थोरल्याने मला नकाशा दाखवला होता. नकाशा चांगला होता. तो त्यांनी इथे वापरावा. घर रस्त्यालगत आहे, बसचा थांबा समोर आहे. मजले चढवावेत, सगळे पाडून नवे बांधावे, माझी हरकत नाही. समान वाटे म्हटले की भांडण आलेच. मधली भिंत त्यांचा बाप घालील आणि ती सरळ असेल.

३. सूक्ष्मदर्शक, पाण्याचा खारेपणा मोजायचे यंत्र, चिखलात घालायचे उंच बूट आणि लोखंडी चौकट, एवढे खात्यात माझ्या जागी आलेल्या बाईंना द्यावे. चौकट एक मीटर लांब, एक मीटर रुंद आहे. ती चिखलावर टाकायची आणि आत जे सापडेल ते मोजायचे. माझी नोकरी थोडक्यात एवढीच होती. बूट त्यांना मोठे होतील. दोन जोड मोजे घालावेत. मीही तसेच घातले, कारण खात्यात बायकांच्या मापाचे बूट कधी आलेच नाहीत.

एकतीस वह्याही त्यांनाच. पहिल्या नऊ वह्यांमधली मोजमापे बरोबर आहेत, निष्कर्ष चूक आहेत.

४. खात्याच्या माजी संचालकांना माझ्या कपाटातला, फ्रेम केलेला त्यांचा फोटो पोचता करावा. त्यात ते खारफुटीचे रोप लावत आहेत आणि रोपाच्या मुळांना प्लास्टिकची पिशवी तशीच आहे.

त्या वर्षी आम्ही ओहोटीला उघड्या पडणाऱ्या सपाट चिखलावर चाळीस हजार रोपे लावली. आकडा त्यांचा, जागा माझी. जागेची चूक माझी होती, हे मी इथे लेखी देते. खारफुटीच्या मुळांना रोज काही तास पाण्याबाहेर राहावे लागते. तो चिखल फार खाली होता. शिवाय त्यात शिंपल्या होत्या आणि शिंपल्या वेचणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यातली एक, जिला लहानथोर सगळे काकू म्हणतात, कमरेवर टोपली घेऊन माझ्याकडे आली.

“बाई, हे काय चाललंय?”

“झाडं लावतोय, काकू. किनारा वाचेल.”

“आमच्या ताटात झाडं लावताय,” ती म्हणाली. “तुमच्या स्वयंपाकघरात मी शिंपल्या पसरल्या तर चालेल?”

मी तिला शास्त्र समजावले. तिने ऐकून घेतले. दोन वर्षांत बहुतेक रोपे मेली. जिथे जगली तिथल्या शिंपल्या गेल्या. तिसऱ्या वर्षी मी उरलेली रोपे स्वतःच्या हाताने उपटू लागले तेव्हा काकू शेजारी येऊन उपटू लागली. टोमणा मारला नाही. ‘मी म्हटलं होतं’ हे चार दिवसांत एकदाच म्हणाली.

संचालकांशी त्यानंतर माझे कधी जमले नाही. तरी हे नमूद करते, की पुढे कलम पाचमधल्या कोळंबीच्या तळ्याचा बांध फोडायला मला जी परवानगी मिळाली तिच्यावर सही त्यांची आहे. त्यांनी कागद वाचला नव्हता. वाचला असता तर सही केली नसती. त्यांच्या या सवयीवर मी नोकरीभर चिडले आणि माझे सर्वांत चांगले काम तिच्यामुळेच झाले. त्यांचे मनापासून आभार. फोटो मात्र द्यावाच.

५. खाडीकाठची अकरा एकर जमीन. इथे पूर्वी खारफुटी होती. ती तोडून कोळंबीचे तळे केले, भोवती बांध घातला. रोग पडला, कोळंबी मेली, मालक निघून गेले. सोळा वर्षे जागा ओसाड होती. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून मी ती घेतली तेव्हा विकणारा दोनदा विचारून गेला, की बाई, तुम्ही जागा पाहिली आहे ना.

तिथे मी काही लावले नाही. पूर्वी जिथून ओहोळ वाहत होते तिथे, दोन ठिकाणी, मजुरांकडून बांध फोडला. भरतीला पाणी आत यावे, ओहोटीला बाहेर जावे. बिया खाडीतून आपल्या आपण वाहत येतात. तिसऱ्या वर्षी कडेकडेने गुडघ्याएवढी रोपे उभी राहिली. मधला भाग बोडकाच राहिला. तिथली माती अजून फार खारट आहे, असे मी शोधनिबंधात लिहिले.

मग मी घसरून पडले, कंबरेचे हाड मोडले, आणि पाच महिने आधी दवाखान्यात आणि मग अंथरुणात गेले. भावाने माझे सगळे केले. त्याच काळात तो एकदा जमिनीवर नजर टाकायला गेला. बांध फुटलेला दिसला. बहीण अंथरुणाला खिळलेली आणि तिची जमीन खाडी खाते आहे. त्याने दगड आणले, सिमेंट आणले आणि नऊ दिवस खपून दोन्ही खिंडारे बांधून काढली. मला सांगितले नाही. मी चालू लागले की दाखवणार होता.

स्कूटरच्या मागच्या सीटवर उशी बांधून तो मला घेऊन गेला.

“बघ,” तो म्हणाला. “ओळंबा लाव हवं तर.”

भिंत सरळ होती. आत गुडघाभर पाणी होते, हिरवे, न हलणारे. रोपांचे शेंडे काळे पडले होते.

“किती दिवस झाले?” मी विचारले.

“अडीच महिने. ताई, एक थेंब आत येत नाही की बाहेर जात नाही.”

खारफुटीची मुळे चिखलातून वर डोकावून श्वास घेतात. पाणी उतरलेच नाही तर ती गुदमरतात. त्याला अडीच महिने लागत नाहीत.

मी त्याच्याशी चौदा महिने बोलले नाही. भिंतही तशीच उभी राहिली; आत वाचवण्यासारखे काही उरले नव्हते. तो दर रविवारी दारात जेवणाचा डबा ठेवून जात राहिला. डबा मी घेत होते, हेही इथे लिहिले पाहिजे.

भरती-ओहोटीवर मी परक्या देशांत जाऊन भाषणे दिली. मी नेमके काय करते, हे सख्ख्या भावाला कधी सांगितले नाही. तो विचारायचा तेव्हा ‘तुला नाही कळायचं’ म्हणायचे. तीस वर्षे तो लोकांना सांगत आला, की आमची ताई मासे मोजते.

शेवटी त्याला काकूने सांगितले. फार बोलली नाही. ओहोटीच्या वेळी त्याला त्याच्याच भिंतीवर बसवले.

“बाहेरचं पाणी गेलं?”

“गेलं.”

“आतलं?”

“नाही.”

“तुझं नाक असं दाबून धरलं तर?”

दुसऱ्या दिवशी तो घण आणि पहार घेऊन आला. काकूने मला बोलावून घेतले. मी बांधावर खुर्ची टाकून बसले. पाडायला अकरा दिवस लागले, कारण बांधलेले चांगले होते.

“आजवर स्वतःची भिंत कधी पाडली नव्हती, ताई,” हे त्याचे चौदा महिन्यांनंतरचे पहिले वाक्य.

“मग नीट पाड,” हे माझे.

शेवटच्या दिवशी भिंत संपली तरी तो खाली खणत राहिला.

“पुरे,” मी म्हटले. “आधी एवढंच होतं.”

“भिंत दिसते तेवढीच नसते, ताई. पाया असतो.”

चिखलाखाली जुन्या बांधाचा दगडी पाया निघाला. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी पाहतात. ती नळी त्याने लावली. पाया बाहेरच्या ओहोळाच्या तळापेक्षा वीतभर उंच होता. म्हणजे मी दार उघडले होते, पण उंबरा तसाच ठेवला होता. दर ओहोटीला वीतभर पाणी आत अडकत होते. मधला भाग बोडका राहिला तो मिठाने नव्हे, या उंबऱ्याने. त्याने दोन्हीकडचा पाया काढला. त्या दुपारी तळ्याच्या मधल्या चिखलाला पहिल्यांदा ऊन लागले.

याला आता सात वर्षे झाली. आज एका खिंडाराशी उभे राहिले तर झाडांमुळे दुसरे दिसत नाही. ओहोळांत शिंपल्याही परत आल्या आहेत. माझ्या शेवटच्या शोधनिबंधात ‘पातळीची दुरुस्ती’ असा शब्दप्रयोग आहे. दुरुस्ती कोणी केली ते नाही. ते इथे नोंदवते. उंबरा माझ्या भावाने शोधला आणि माझ्या भावाने काढला. पुढे जे कोणी यावर लिहितील त्यांनी तसेच लिहावे.

६. या जमिनीची वाटणी पहिल्या मसुद्यात वेगळी होती: अर्धी भावाला, अर्धी काकू आणि तिच्या सोबतिणींच्या नोंदणी केलेल्या संस्थेला. काल वकीलबाईंनी तो मसुदा आम्हा दोघांना वाचून दाखवला आणि चष्मा काढून ठेवला.

“भाऊ आहेत तोवर ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पुढे त्यांची मुलं कोर्टात गेली तर? आत्याला कोणीतरी फूस लावली म्हणतील. निकाल लागेपर्यंत बांध घालून मोकळेही होतील.”

त्या चूक बोलत नव्हत्या. मुले वाईट नाहीत. बापासारखीच आहेत, फुटके दिसले की सांधावेसे वाटते.

“साक्षीदार कोण?” भावाने विचारले.

“एक डॉक्टर. दुसरा शोधायचाय. ज्याला काही मिळणार आहे तो चालत नाही.”

“आणि ज्याला काही मिळणार नाही तो?”

“तो चालतो. त्यातून तो वारसच असेल तर बाकीच्यांना बोलायला फारशी जागा उरत नाही.”

तो थोडा वेळ खिडकीच्या चौकटीकडे बघत राहिला. वाकडी असावी.

“ताई, माझं नाव खोड.”

“अरे, पाच एकर आहे.”

“साडेपाच. मला अपूर्णांक येतात.”

“मुलं काय म्हणतील?”

“म्हणतील ते म्हणतील. मी पहिल्यांदा बांधलं तेव्हा तुला विचारलं नव्हतं. आता त्यांना विचारत नाही.”

म्हणून अकराही एकर जमीन काकूच्या संस्थेला द्यावी. काकूला मी हे काल संध्याकाळी सांगितले.

“एवढ्या चिखलाचं मी काय करू, बाई?”

“काही करायचं नाही.”

“मग जमेल,” ती म्हणाली.

७. अटी अशा. खिंडारे बुजवू नयेत. ती किती रुंद व्हायची ते पाणी ठरवील. आत कोणीही, कोणाच्याही हस्ते, काहीही लावू नये. रोप घेऊन पाहुणे आले तर त्यांना चहा द्यावा आणि रोप परत द्यावे. वर्षातून एकदा नळी लावून दोन्ही ठिकाणचा तळ तपासावा, गाळ चढला असेल तर काढावा. बँकेतली शिल्लक या कामाला आणि जमिनीच्या कराला वापरावी.

८. माझ्या देहाचे काय करायचे ते भावाने ठरवावे. फक्त खाडीत काही सोडू नये. लोकांनी तिच्यात पुरेसे सोडले आहे. मी किनारा वाचवला, असे भाषण कोणी करू नये. मी दोन मोठ्या चुका केल्या. एक मला टोपलीवालीने दाखवली, दुसरी गवंड्याने. दाखवून ते दोघे निघून गेले नाहीत. माझ्याबरोबर चिखलात उतरले. माझ्या हुद्द्याच्या माणसांना हे सहसा मिळत नाही. मला मिळाले, आणि मला ते कळायला उशीर झाला तरी ते दोघे थांबून राहिले. यासाठी मी कृतज्ञ आहे.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली आहे.

(सही)

ठिकाण : वकीलबाईंचे कार्यालय, जिन्यालगतची खोली
दिनांक : ११ मार्च २०२३, सकाळी साडेदहा

साक्षीदार एक : हाडांचे डॉक्टर. (सही)
सही करणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांनी जिना चढायला नको होता.

साक्षीदार दोन : धाकटा भाऊ, धंदा गवंडी. (सही)
ताईने माझ्यासमोर सही केली. या कागदात मला काही मिळत नाही आणि मला काही नको. दोन्ही खिंडारांचा तळ मी स्वतः बाहेरच्या ओहोळाशी जुळवला आहे, तो तसाच राहावा. वकीलबाई म्हणतात साक्षीदाराने एवढं लिहायचं नसतं. मुलांना अजून सांगितलेलं नाही. इथून घरी जाऊन सांगतो.